पुसलेली टोकं

उधना, सुरत
रविवार, ता. २७ ऑक्टोबर १९७४

सुकदेवभाऊ व कलाबाई यांना मगनचा रामराम. सुंदराला आशीर्वाद.

घटस्थापनेच्या सकाळी मी देवघरापुढे बसून देव घासत होतो. तुला आठवत असेल, घट बसायच्या आधी मी सगळे टाक खाली उतरवतो नि चिंचेने घासून काढतो. महादेवाचा पितळी त्रिशूळ माझ्या हातात होता. त्यानंतर मी जे काही केलं, ते सगळं त्या सकाळीतून निघालं आहे. म्हणून तिथूनच सुरुवात केली.

पण आधी खुशाली. इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत. चाळीत नळ आला, पाणी मात्र बारीक धारेने येतं आणि बायांची भांडणं मोठ्या धारेने होतात. धुरपदाच्या भावाची, निंबाची, तब्येत बरी आहे. मिलमध्ये जुन्या बॉयलरच्या शेजारी दुसरा बसतो आहे, त्याची भट्टी बांधायचं काम चालू आहे. जयंतभाई इंजिनियर अजून आहेत, केस पांढरे झाले, ओरडणं तेवढंच आहे. नवरात्रात पोथी मीच वाचली. आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र सुंदराच वाचून दाखवणार, आणि कलाबाई चुलीपाशी बसून ऐकणार. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी पुन्हा लिहितो आहे. सुंदरा, पोरी, मधे थांबू नकोस. जे लिहिलं आहे ते मोठ्याने वाच. तुझ्याबद्दल असेल तेही वाच.

सुकदेव, तू डांबर लावलं होतंस. प्रत्येक टोकाला लावलं होतंस.

हे वाक्य लिहून मी उठलो, अंगणात जाऊन आलो. आता पुढचं लिहितो.

आपण बांधलेल्या त्या जुन्या भट्टीचं बाहेरचं अंग लोखंडी पत्र्याचं. आतून आगमातीचा जाड थर, सिमेंटसारखा ओतलेला. तो थर छतालाही धरून राहावा म्हणून पत्र्याला आतून लोखंडी अँकर वेल्डिंगने डागलेले असतात, एक दांडा आणि वर दोन पाती. आपली माणसं त्यांना त्रिशूळ म्हणायची. तू एकदा म्हणालास, "दोनच पाती आहेत रे, तिसरं शेठने खाल्लं," आणि सगळे हसले होते. लोखंड तापलं की लांब होतं. त्याला हलायला जागा लागते. म्हणून माती ओतायच्या आधी पात्यांच्या टोकांना डांबराची टोपी चढवायची. भट्टी पेटली की डांबर जळून जातं आणि टोकापाशी पोकळी राहते. जयंतभाईंनी मुठीत बोट घालून आपल्याला ते दाखवलं होतं. मूठ सैल असेल तर बोट हलतं, आवळलेली असेल तर मूठ फुटते.

ते काम तुझ्याकडे होतं. तू आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत भट्टीत वाकून बसला होतास. बाहेर आलास तेव्हा नाकाचा शेंडाही काळा होता. कलाबाईंनी तुला दारातच अडवून रॉकेलने पुसलं होतं. हे मी पाहिलं होतं, सुकदेव. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी पुढे जे व्हायचं ते झालं.

शेठने आखाजीचा मुहूर्त धरला. सकाळी पूजा, लगेच माती ओतायची. तुझी बहीण माहेरी येणार होती म्हणून तू सुट्टी घेऊन स्टेशनवर गेलास. मी बाहेर माती कालवत होतो. चाळीतल्या बाया पूजेला आल्या, नारळ फुटला, बाया गेल्या, ठेकेदाराच्या माणसांनी माती अडवायच्या फळ्या ठोकल्या आणि आम्ही ओतायला लागलो. जयंतभाई आले तेव्हा टोकं फळ्यांआड गेलेली होती.

श्रावण सरता सरता छताचा तुकडा निखळला. निंबा भट्टीचं दार उघडून आग सारत होता. त्याने तोंडापुढे दोन्ही हात धरले. तोंड वाचलं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जयंतभाई म्हणाले, डांबर लावलेलंच नसेल. तू म्हणालास, लावलं होतं. चाळ रागाने पेटलेली होती. निंबा सगळ्यांचा लाडका, आणि तो सिव्हिल हॉस्पिटलात कण्हत पडलेला. चाळीतला वडीलधारा तोताराम नाना म्हणाला, "देवापुढे उचल आणि बोल." देवळात खंडेरायाच्या टाकापुढे बेलभंडाऱ्याचं ताट मी धरलं, कारण पोथी वाचणारा मी. तू आंघोळ करून ओल्या धोतराने आलास. बेल उचललास, भंडारा कपाळाला लावलास आणि म्हणालास, "एकही टोक सोडलं असेल तर माझ्या घराचा दिवा विझो."

दुसऱ्या दिवशी भट्टी गार झाली. जयंतभाईंनी पडलेला तुकडा हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "आ जुओ, मगनभाई. जग्या ज नथी." जागाच नव्हती. लोखंड मातीत करकचून बसलेलं होतं. सगळे तुकडे तसेच.

कामात चूक केली असती तर चाळीने तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि सोडून दिलं असतं. पण खंडेरायाचा बेल खोटा उचलला म्हटल्यावर तुझ्या घरचं पाणी कोणी पिईना. सुंदराची सोयरीक मोडली. मीही तुझ्या दारावरून जाताना मान वळवायचो. तू ट्रंक डोक्यावर घेऊन गेलास त्या दिवशी मी घरातच होतो.

आता ती सकाळ.

मी त्रिशूळ घासत होतो. चिंच पात्यांच्या सांदीत जात नव्हती. तुझी वहिनी धुरपदा पलीकडे घटाची माती चाळत बसली होती. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "एवढा एक त्रिशूळ निघेना तुम्हाला? मी एका बैठकीला भट्टीभर त्रिशूळ पुसलेत."

मी म्हटलं, "कुठले?"

"तुमच्या भट्टीतले. आखाजीच्या पूजेला. कोणी मेल्याने देवाच्या त्रिशुळांना काळं फासून ठेवलं होतं. सणाच्या दिवशी काळं! मी म्हटलं बायांना, अशा तोंडाने कुंकू कुठे लावायचं? रॉकेलची बाटली होती तिथे. पदर वापरला. हिरवं पातळ गेलं त्यात, आईने दिलेलं. एकेक टोक लख्ख केलं, मग हळदकुंकू लावलं." मग चाळण झटकत म्हणाली, "आता नव्या भट्टीची पूजा आहे ना? या वेळी सांगून ठेवा तुमच्या माणसांना. काळं लावू नका म्हणावं. गंजू नये म्हणून लावत असतील तर पूजेनंतर लावा."

सुकदेव, ती माती चाळत होती आणि बोलत होती. चाळणीचा आवाज मला ऐकू येत होता. माझ्या हातातला त्रिशूळ मी इतका दाबून धरला होता की पातं तळव्यात शिरलं. ते मला कळलं नाही. तिनेच ओरडून सांगितलं, "अहो, रक्त!" तिने फडकं बांधलं. मला विचारलं, काय झालं. मी म्हटलं, चिंच लागली.

तुझ्या वहिनीने पुसलं. तुझ्या वहिनीने, सुकदेव. निंबाच्या सख्ख्या बहिणीने.

तू विचारशील, इतकी वर्षं तिला कसं कळलं नाही. मीही हेच स्वतःला विचारलं. निंबा भाजला तेव्हापासून ती हॉस्पिटलात त्याच्या उशाशी होती. देवळातली गोष्ट झाली तेव्हा ती चाळीत नव्हतीच. परत आल्यावर मी तिला एवढंच सांगितलं, की सुकदेवने काम अर्धं सोडलं आणि देवापुढे खोटं बोलला. त्यानंतर आमच्या घरात भट्टीचं नाव काढायचं नाही असा मी नियमच केला होता, निंबाला त्रास नको म्हणून. डांबर हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नाही. पूजेला आलेल्या बायांनाही ते काळं म्हणजे डांबर हे ठाऊक नव्हतं. आता नवी भट्टी बसते आहे, शेठकडून पूजेचं बोलावणं आलं आहे, म्हणून त्या सकाळी तिच्या तोंडून ते सहज निघालं.

मी न जेवता कामावर गेलो. नव्या भट्टीत वाकून शिरलो. अँकर डागून झाले होते, कोरे, ओळीने. मी जयंतभाईंना विचारलं, "साहेब, डांबर लावल्यावर कोणी पुसून टाकलं तर?"

ते हसले. "कोण गांडो लूछे, मगनभाई? पुसायला वेड लागलंय कोणाला?"

"समजा पुसलं."

"तर मागच्या वेळी झालं ते होणार. दुसरं काय?" मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तबियत बराबर छे ने?"

मी म्हटलं, नवरात्राचा उपास आहे.

उपासाने मला वाचवलं. मी जेवत नव्हतो, पण कोणी विचारलं नाही.

निंबाचं जेवण तू पाहिलेलं नाहीस, तू आधीच निघून गेलास. त्याची बोटं एकमेकांना चिकटून वळली आहेत. त्याला घास धरता येत नाही. रोज दोन्ही वेळेला धुरपदा त्याच्यासमोर बसते, भाकरी कुस्करते आणि भरवते. तो थट्टा करतो. "आक्का, ल्हान घास दे व, मी काय म्हैस शे का?" ती हसते, घास देते, आणि प्रत्येक जेवणात एकदा तरी म्हणते, "ज्याने तुझी ही दशा केली त्याचे हात झडो." पहिल्या वर्षापासून म्हणते. देवाला दिवा लावावा तसं म्हणते. मी पलीकडे बसून ऐकायचो. खरं सांगतो, बरं वाटायचं ऐकून. आता नवरात्रात, दिवा तेवत असताना, ती ते म्हणायची आणि मला वाटायचं, देवी, हे तू ऐकू नकोस. ही कोणाला शाप देते आहे ते हिला ठाऊक नाही.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. हे लपवत नाही. तू गेलास, तिकडे तुझं बरं चाललं असेल, मेलेलं कशाला उकरायचं, असं मनाशी म्हटलं. आणि पाचव्या माळेला तोताराम नाना नळावर भेटला. म्हणाला, "मगन, नंदुरबारहून पाव्हणे विचारायला आले होते. त्या सुकदेवच्या पोरीसाठी. माणसं चांगली आहेत. म्हटलं, दसरा झाला की कळवतो."

"काय कळवणार?"

"काय कळवायचं? खोटा बेल उचललेलं घर. त्यांनी विचारलं, मी काय खोटं सांगू?"

खोटं सांगू का, असं तो मला विचारत होता.

सुंदरा, वाच पुढे. तुझी सोयरीक एकदा आमच्या देवळामुळे मोडली. दुसऱ्यांदा मोडायला नानाचं एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

मग मी एक मार्ग काढला. दसऱ्याला सगळी चाळ देवळात जमते. तिथे उठून सांगायचं, की टोकं मी पुसली. पूजेच्या वेळी काळं नको म्हणून मी पुसली, आणि भीतीने गप्प बसलो. म्हणजे तू सुटशील आणि ती वाचेल. चाळ माझ्या तोंडावर थुंकेल, थुंकू दे. मला हा मार्ग इतका पटला की दोन दिवस मला झोप लागली.

नवमीला मी घरातल्या हत्यारांची पूजा केली, हातोडी, छिन्नी, करणी. घरात कोणी नव्हतं, धुरपदा नळावर गेली होती. मी ते वाक्य देवापुढे म्हणून बघितलं. "मी पुसली." तोंडातून नीट निघेना. पुन्हा म्हटलं. मग आठवलं, नाना ताट पुढे करणार. म्हणणार, उचल आणि बोल. ज्या ताटावर तू खरं बोललास आणि आम्ही तुला खोटं ठरवलं, त्याच ताटावरचा बेल मी खोटा उचलणार होतो. मी तिथेच बसून राहिलो.

मागून निंबा बोलला. ओट्यावर बसलेला असणार, मला माहीत नव्हतं. दाराला खांदा टेकून उभा होता.

"दाजी, तुम्हाले खोटं बोलता येत नही. काय पुसलं तुम्ही?"

मी म्हटलं, "काही नाही."

तो आत आला, माझ्या शेजारी बसला, आणि ते वळलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाला, "माले माहीत व्हतं."

सुकदेव, घटस्थापनेच्या सकाळी मला वाटलं होतं की यापेक्षा मोठा धक्का आता उरला नाही.

त्याला माहीत होतं. पूजेच्या सकाळी तो भट्टीच्या तोंडाशी लाकडं रचत होता. आत बहीण पदराने टोकं पुसत होती. त्याने पाहिलं, त्याला काही वाटलं नाही, तो काय, आग सारणारा. हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा महिने गेले होते. कोणीतरी त्याला पडलेल्या तुकड्यांची गोष्ट सांगितली आणि तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर तू गेला होतास.

मी ओरडलो त्याच्यावर. देवघरासमोर ओरडलो. "तुझ्यासाठी एका माणसाचं घर उठलं! त्याच्या पोरीची सोयरीक मोडली! तू रोज तिचे शाप ऐकत घास गिळत होतास?"

तो म्हणाला, "मग काय करू? तिले सांगू? मन्हे हात गेलेत, दाजी. तिन्हा हातवर मी जेवस. तिले सांगतो तर ती मन्हासमोर हात पुढे करती का?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्याला हात नव्हते. माझ्या उपरण्याने मी पुसलं. मग तो म्हणाला, "सुकदेवभाऊ रोज सपनमा येस. वल्लं धोतर नेसेल." म्हणजे ओल्या धोतरातला तू. तो तिथे नव्हता, त्याने ऐकलं होतं फक्त. तरी त्याला तू तसाच दिसायचास.

मी विचारलं, "तिला सांगू?"

बाहेर पोरं आपट्याच्या फांद्या ओढत नेत होती, त्यांचा कलकलाट चालला होता. मग तो म्हणाला, "तुम्ही सांगा. मी आठेच बसस." म्हणजे इथेच, माझ्याजवळ.

ती घागर घेऊन आली. मी म्हटलं, घागर खाली ठेव. तिने ठेवली. मी सांगितलं. मुठीत बोट घालून दाखवलं, जसं जयंतभाईंनी आपल्याला दाखवलं होतं. आधी ती हसली. तिला वाटलं, मी काही दृष्टांत सांगतो आहे, पोथीत सांगतात तसा. "म्हणजे ते काळं..." एवढं म्हणाली. मग निंबाकडे बघितलं. निंबाने मान खाली घातली, आणि तिला कळलं.

ती ओरडली नाही, रडली नाही. आपले तळवे उलटसुलट करून बघत बसली. भिंतीला टेकून, घागरीशेजारी. तिने एकच विचारलं, "भाऊजींनी बेल उचलला, तेव्हा मी कुठे होते?"

"हॉस्पिटलात. निंबापाशी."

"तिथे असते तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतं, की बाबांनो, काळं होतं, मी पुसलं."

हे तू ऐकावंस असं मला वाटतं.

रात्रीच्या जेवणाला ती उठली नाही. ताट निंबासमोर मीच नेलं. भाकरी मी कुस्करायला लागलो, तर त्याने तोंड मिटून घेतलं. "तुमना हातना घास माले नको. तुमले कुस्कराले येत नही." आणि तिच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आक्का! मी काय उपाशी मरू का व?" ती बसूनच होती. तो तसाच तोंड उघडून वाट बघत राहिला, पिलासारखा. लाज सोडून. शेवटी ती उठली. हात धुतले, पुन्हा धुतले. घास केला. तोंडापर्यंत नेता नेता अर्धी भाकरी त्याच्या सदऱ्यावर पडली. तो हसला, "बघ, म्हैस नही शे मी." तिने दुसरा घास केला. त्या जेवणात कोणालाही शाप मिळाला नाही.

दसऱ्याला संध्याकाळी देवळात सगळे जमले. हातात आपट्याची पानं, नवे कपडे, पोरांचा दंगा. सोनं वाटायच्या आधी मी उभा राहिलो. म्हटलं, "मला सोनं देण्याआधी ऐका. सुकदेवने बेल खरा उचलला होता."

मग तोताराम नाना म्हणाला, "इतक्या वर्षांनी हे कुठून उगवलं? ताट तर तूच धरलं होतंस."

"मीच धरलं होतं."

"मग डांबर गेलं कुठे? उडून गेलं?"

"पुसलं गेलं. पूजेच्या सकाळी. माझ्या घरातून पुसलं गेलं."

"घरातून म्हणजे कोणी? नाव सांग."

निघण्याआधी मी तिला म्हटलं होतं, तू येऊ नकोस, नाव मी सांगतो. ती आली होती, बायांच्या मागे उभी होती. तेच हिरवं पातळ नेसली होती, डागांचं. इतकी वर्षं तिने ते ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं, आईचं म्हणून. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "धुरपदाने. माझ्या बायकोने."

बायांनी वाट दिली. ती पुढे आली. नानाने ताट उचललं नव्हतं, तिने स्वतःच टाकापुढचा बेल उचलला, भंडारा कपाळाला लावला. पदराचं टोक पुढे धरून ते काळे डाग दाखवले. "देवाचं आहे म्हणून पुसलं. मला ठाऊक नव्हतं. सुकदेवभाऊजी खरे." एवढंच बोलली.

काही माणसं पानं तशीच ठेवून निघून गेली. एका म्हातारीने तिला जवळ घेतलं. मग नानाने मला विचारलं, "नंदुरबारला मी आता काय कळवू?"

मी म्हटलं, "जे ऐकलंस ते. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने पोस्टकार्ड मागवलं. देवळाच्या पायरीवर बसून मी लिहिलं, त्याने सही केली. काल सकाळच्या डाकेने ते गेलं. पाव्हणे येतील की नाही, ते देव जाणे. मी फक्त कार्ड पेटीत पडताना बघितलं.

सुकदेव, तू परत ये असं मी म्हणत नाही. माफ कर असंही लिहिणार नाही. तुझ्या दारावरून मान वळवून गेलेला माणूस मी, मला तसं लिहायचा हक्क नाही. तुला राग आला तर सुंदराकडून लिहून घे आणि पाठव. जे लिहिशील ते मी देवळात मोठ्याने वाचेन.

काल नव्या भट्टीची पूजा झाली. धुरपदा आली होती. बायांना तिने भट्टीच्या तोंडाशी अडवलं, कुंकू फक्त दाराला लावू दिलं. आत जाऊन मी एकेक टोक बोटाने तपासलं. सगळी काळी होती. मग फळ्या ठोकल्या.

हे पत्र मी तिला नि निंबाला वाचून दाखवलं आहे. नाव कुठे गाळायचं का, विचारलं. ती म्हणाली, नको. आणि खाली अंगठा उठवते म्हणाली. शाई आणायला उठलो तर म्हणाली, शाई कशाला. कोनाड्यात नव्या भट्टीचा उरलेला डांबराचा डबा होता, त्यात तिने अंगठा बुडवला. डांबर अजून ओलं आहे. वाळलं की पाकीट बंद करतो आणि पेटीत टाकून येतो.

तू बेल उचललास तेव्हा ज्याने ताट धरलं होतं, तो

मगन

धुरपदाबाईचा अंगठा